आईला आणायला घेतलेली गाडी

गाडी घ्यायचं ठरलं की आमच्या गल्लीतल्या बायका नवऱ्यांना शोरूममध्ये पाठवतात आणि स्वतः माझ्या रोपवाटिकेत येतात. उसाच्या रोपांच्या ट्रेमधून वाट काढत येऊन विचारतात, "वहिनी, छोटी गाडी पुरती का हो?" आष्ट्यात गाडी चालवणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत. पण पन्नाशीला टेकल्यावर शिकलेली त्यांच्या ओळखीत मी एकटीच असेन.

मी सरळ सांगते. नवरा-बायको आणि दोन मुलं असतील तर पुरते. सासू-सासरे, नणंद आणि तिची पोरं घेऊन लग्नाला निघायचं असेल तर पुरत नाही. पण अशी लग्नं वर्षातून चार. त्या चार दिवसांसाठी उरलेलं वर्षभर मोठी गाडी गल्लीत मागेपुढे करत बसायची का, ते तुम्ही ठरवा. गॅसवरची घेणार असाल तर डिकी विसरा, सगळी जागा सिलिंडर खातो. ऊसतोडीच्या दिवसांत शेताच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चर पडतात आणि मधे उंचवटा राहतो. तिथे छोट्या गाडीचं पोट घासतं. एक चाक उंचवट्यावर आणि दुसरं कडेला ठेवून चालवायला शिका. आणि ज्या माणसासाठी गाडी घेताय, त्याला पैसे भरायच्या आधी एकदा आत बसवून बघा.

हे शेवटचं सांगताना मी रोपांकडे बघते. कारण मी बाकी सगळं मोजलं होतं, तेवढंच केलं नव्हतं.

माझी गाडी मी आईसाठी घेतली. तिला माझ्या घरी राहायला आणायचं, कायमचं, एवढा एकच उद्देश होता. नवऱ्याला सांगताना रोपांचे ट्रे पोचवायला होईल, बँकेत जायला होईल, असं काहीबाही सांगितलं. तो फौजेतून निवृत्त झालेला. अठरा वर्षं लष्कराचे ट्रक चालवलेला माणूस. शोरूममध्ये त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "ही गाडी न्हाई, बिस्किटाचा डबा हाय."

"डबा तर डबा. माझ्या गल्लीत वळतो."

"आन म्हशीनं धडक दिली मंजी?"

"म्हैस मला बघून बाजूला होती."

विकणारी मुलगी हसली. मी पिशवीतून टेप काढला. डिकीची लांबी, रुंदी, मागची सीट पाडल्यावर किती ट्रे बसतील, जमिनीपासून गाडीचं पोट किती वर आहे, सगळं मोजलं. त्या मुलीनं असं गिऱ्हाईक बहुधा पाहिलं नसावं. मला वाटलं, आपण फार शहाणपणानं खरेदी केली.

माझं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की वडील, आई, आम्ही भावंडं, घोडं, कुत्री आणि शे-सव्वाशे मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडे निघायचो, कारण आमच्याकडे तोवर गवताची काडी राहिलेली नसायची. काठावरचे शेतकरी वाटच बघत असायचे. मेंढरं रानात दोन-चार रात्री बसवली की लेंड्या-मुताचं खत पडतं, त्याबदल्यात धान्य मिळायचं. मेंढरांभोवती वाघर लावायची, म्हणजे सुती दोराची जाळी, आणि शेजारी आपली चूल मांडायची. एक रान झालं की पुढचं. पहिला पाऊस लागायच्या आधी परत माणात.

माझं लग्न त्याच वाटेवर ठरलं. सासरची माणसं आमच्याच समाजातली, पण दोन पिढ्यांमागे मेंढरं विकून ऊस लावलेली. वडलांनी त्यांच्या रानात मेंढरं बसवली, घर बघितलं, विहीर बघितली आणि मला देऊन टाकली. त्यामुळे माहेरची माणसं मला भेटायला अशी कधी आली नाहीत, ती मेंढरांबरोबर आली. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांत कुत्र्यांचा आवाज कानावर यायचा. मी हातातलं टाकून रानात जायचे. आई तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली असायची. ती माझ्या सासरच्या घरात फारशी यायची नाही. म्हणायची, "आमच्या अंगाला मेंढरांचा वास, तुमची फरशी पांढरी." मी तिच्याजवळ मातीत बसायचे. तेवढे तीन-चार दिवस मला आई असायची.

वडील गेले, भाऊ मुंबईला गोदीत लागला, मेंढरं विकली. मग आईला यायचं कारण उरलं नाही. एसटीत तिला उलट्या होतात. दोनदा गाडी बदलायची, त्यात गुडघे गेलेले. मग मीच जायला लागले. दिवाळीला एकदा, उन्हाळ्यात एकदा. दिवसभराचा प्रवास करून संध्याकाळी पोचायचे, पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "लय लांब पडतं गं आयं." ती पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि म्हणायची, "लांबच हाय बाय. नगं येत जाऊ सारखी." मलाही ते सोयीचं होतं. रोपवाटिका नुकती सुरू केली होती, मुलांच्या शाळा होत्या. लांब आहे म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

गाडी आली तेव्हा आई एकटी राहत होती. दोन शेरडं, एक खोली, दारात कडुलिंब. शेजारी माझी चुलती, पण तिला ऐकू येत नाही. आई पडली तर कळायचं कसं, या विचारानं मला दुपारी रोपांना पाणी देताना मधेच थांबायला व्हायचं. मी भावनेत वाहून जाणारी बाई नाही. आई म्हातारी झाली, मुलगा मुंबईत दहा बाय दहात, मुलीकडे मोठं घर, तर तिनं मुलीकडे यावं. साधी गोष्ट आहे. पण खरं सांगायचं तर पडण्याची भीती हे कारण नंतरचं. मला ती माझ्या स्वयंपाकघरात हवी होती. माझ्या भाकरीला नावं ठेवताना हवी होती. तीन-चार दिवसांच्या हप्त्यानं मिळालेली आई मला एकदा सलग हवी होती.

फोनवर तिला तयार करायला एक महिना गेला. "लेकीच्या घरात ऱ्हायाचं बरं दिसत न्हाई," हे झालं. "शेरडं कोन बघंल," हे झालं. शेवटी म्हणाली, "ये बाबा घेऊन. बगते चार दिस."

मी एकटीच गेले. पहाटे निघून उन्हं वर यायच्या आत पोचले. आईनं गाडीला बाहेरून हात लावून बघितलं, म्हैस विकत घेताना लावतात तसा.

"लयच बारकी हाय की गं."

"तुझ्याएवढीच हाय. बस."

आणि तिथे माझं शहाणपण संपलं. आईला बसता येईना. छोट्या गाडीची सीट खाली असते. गुडघे न वाकणाऱ्या माणसाला आधी खाली बसायचं, मग पाय आत ओढायचे, हे जमत नाही. पुढच्या दारातून केलं, मागच्या दारातून केलं. चुलती दारात उभी राहून ओरडून सल्ले देत होती, "मुंडकं आदी घाल, मुंडकं!" शेवटी आईनं मला बाजूला सारलं, मागचं दार सताड उघडायला लावलं, दोन्ही हात सीटवर टेकले आणि रांगत आत गेली. आत गेल्यावर वळली आणि सीटवर पाय वर घेऊन आडवे पसरून बसली. पाठ एका दाराला, पाय दुसऱ्या दाराकडे. कंपनीनं तीन माणसांची म्हणून दिलेली जागा तिला बरोबर एकटीला झाली.

"बेस हाय," ती म्हणाली. "बाजंवर बसल्यागत हाय."

पट्टा लावायचा विषय मी सोडून दिला. हे चूक आहे, मला माहीत आहे. काचा खाली केल्या आणि सावकाश निघाले. उलटी नाही, चक्कर नाही. मायणीच्या पुढे ती उठून बसली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून बघायला लागली.

"ह्यो डोंगूर वळकतो मला. हितं आमचा दुसरा मुक्काम असायचा. हितं पाणी चांगलं हुतं."

पुढे दहा-बारा मिनिटांनी पुन्हा, "ह्यो तिसरा." विट्याच्या अलीकडे म्हणाली, "हितं तुज्या बापाला ताप आलता, तीन दिस बसलो." मी वेग कमी केला, म्हटलं थांबू का. ती म्हणाली, "कशाला? आता हितं काय हाय." खरंच काही नव्हतं. प्लॉटिंगचे दगड आणि एक पेट्रोल पंप.

मुक्काम मोजता मोजता हळूहळू ती गप्प झाली. पुढच्या आरशात मला तिचं कपाळ दिसत होतं. मला वाटलं, झोप लागली. पलूस गेलं, भिलवडीच्या पुढे कृष्णेचा पूल आला. पुलावर ती एवढंच म्हणाली, "नदी आली?" मी हो म्हटलं.

दारात गाडी उभी केली. नवरा बाहेर आला, गाडीचं दार उघडून म्हणाला, "या मामी. डब्यातनं का हुईना, आलासा."

आई उतरेना. मला वाटलं गुडघे. मी हात पुढे केला तर तिनं तो धरला नाही. गाडीतून वाकून वर आभाळाकडे बघत होती.

"कुटं आलो?"

"घरी आलो की आयं."

"कुनाच्या?"

"माझ्या. आष्ट्याला."

"थट्टा नगं करू."

तिला घराचा पांढरा रंग दिसत होता, जावई समोर उभा होता, तरी तिचा विश्वास बसत नव्हता. ती पुन्हा वर बघून म्हणाली, "निगालो तवा ऊन लिंबाच्या शेंड्याव आलतं. आजून डोक्याव बी आलं न्हाई."

"पावणेतीन तास लागले," मी म्हटलं. मला त्यात थोडा अभिमानही होता. रस्ता चांगला झालाय, गाडी छोटी असली तरी चढाला दमत नाही, असं काहीतरी सांगायला लागले होते.

"आमाला नऊ मुक्काम लागायचं."

"मेंढरं होती ना तेव्हा."

"व्हय. मेंढरं हुती." मग म्हणाली, "मला वाटायचं, यष्टीनं का हुईना, पोरगी नऊ मुक्कामाची वाट येती. म्हनून तुला कवा ये म्हनलं न्हाई म्या. दुकायचं खुपायचं तरी म्हनलं न्हाई. म्हनलं, लय लांब हाय पोरगी." आणि माझ्याकडे न बघता, "हितं हुतीस व्हय गं तू?"

नवरा आत पाणी आणायला म्हणून गेला. मी दार धरून उभी राहिले. माझ्याकडे सांगायला खूप होतं. तेव्हा गाडी नव्हती, एसटी दोनदा बदलावी लागायची, मुलं लहान होती. सगळं खरं होतं. पण गाडी नव्हती तेव्हाही एसटी होती आणि ती सकाळी निघून संध्याकाळी पोचवत होती, नऊ दिवसांनी नाही. लांब पडतं हे तिनं म्हटलेलं नव्हतं. आधी मी म्हटलं होतं. तिनं ते स्वतःच्या पायांनी मोजून खरं मानलं होतं.

ती उतरली, चहा प्याली, मुलांच्या फोटोंवरून हात फिरवला. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं.

चार दिवस राहिली. माझ्या भाकरीला नावं ठेवली. सकाळी माझ्याआधी उठून अंगणात बसायची. रोपवाटिकेत येऊन प्लॅस्टिकच्या ट्रेमधली रोपं बघितली आणि म्हणाली, "ऊस आता दुकानात इकत्यात व्हय, वांग्याच्या रोपागत?" जाळीच्या शेडमध्ये जाऊन एका कोपऱ्यात उभी राहिली. "हितं बसली हुती मेंढरं, तुला पयल्यांदा दिस गेलं तवा." पहिल्या वेळी मला पाचवा महिना होता तेव्हा मेंढरं याच तुकड्यात बसली होती, ते मी विसरले होते. त्या वर्षी ती चुलीपाशी मला कण्या शिजवून घालायची. पुढच्या खोलीत तिच्यासाठी नवी गादी टाकली होती, ती तिनं गुंडाळून ठेवली आणि घोंगड्यावर झोपली. मी दिवसातून दहा वेळा कारण काढून त्या खोलीत जायचे. ती असायची. एवढंच बघून परत यायचे.

पाचव्या दिवशी सकाळी तिचं बोचकं बांधलेलं होतं.

"सोड मला."

"का? काय कमी पडलं?"

"काय बी न्हाई. शेरडं वाट बगत्याली."

"शेरडं घेऊन येते की इथं. मागची सीट पाडली की दोन शेरडं आरामात बसतील." हे मी खरंच म्हटलं. मनातल्या मनात मापही घेतलं.

आई हसली. तिचे पुढचे दात गेलेत, हसली की लहान मुलीसारखी दिसते. म्हणाली, "येडी का तू. आगं, लांब असतीस तर ऱ्हायले असते. म्हनलं असतं, आता आलो एवढं तर ऱ्हावू. हे तर गावातल्या गावात हाय. जवळ असल्याव लेकीच्यात ऱ्हायाचं कशाला? तू येत जा."

ज्या गाडीनं तिला कायमचं आणायचं, त्याच गाडीनं तिच्या राहण्याचं कारण काढून घेतलं. दुपारी तिला परत सोडलं. उतरताना तिला मी कमरेला धरून बाहेर ओढलं. चुलती ओरडली, "आलीस का? येवड्यात?"

त्यानंतर मी दर पंधरा दिवसांनी रविवारी जाते. एकटी. मागच्या सीटवर आईला लागणारं सामान असतं. नवरा मधूनमधून म्हणतो की रोपांचा धंदा वाढलाय, आता मोठी गाडी घेऊ, नाहीतर सरळ टेम्पो घेऊ. त्याचं म्हणणं धंद्याच्या हिशोबानं बरोबर आहे. टेम्पोच्या एका फेरीत जेवढी रोपं जातील त्याला या गाडीच्या तीन फेऱ्या होतात. उंच गाडीत आईला चढायलाही सोपं पडेल, असंही तो म्हणतो. मी शोरूममध्ये जाऊन उंच गाडी बघूनही आले. तिची पायरी आईच्या मांडीएवढी उंच. विकणारा म्हणाला, खाली एक छोटी घडीची पायरी लावून देतो. म्हटलं, बघू.

रविवारी मी पोचते तेव्हा आई दारात असते. माझ्या यायच्या वेळचं ऊन तिला पाठ झालंय. ते लिंबाच्या बुंध्याशी आलं आणि मी आले नाही की चुलतीला खुणेनं सांगते, आज तोड आली असंल रानात. जेवण झालं की ती गाडीचं मागचं दार उघडायला लावते, रांगत आत जाते आणि पाय वर घेऊन बसते. गाडी लिंबाखाली उभी असते. चारी दारं उघडी. मी पुढच्या सीटवर मागे तोंड करून बसते. ती शेजारच्यांच्या कागाळ्या सांगते, भावाचा फोन आला होता का विचारते, मधेच डुलकी घेते. शेरडं येऊन दारात तोंड घालतात, त्यांना हाकलते. मी दर वेळी विचारते, "जायचं का आज? अशीच बसून राहा, मी गाडी चालू करते."

"आज न्हाई बाय. पुडल्या खेपेला."

मी हे खोटं आहे हे जाणून विचारते आणि तीही जाणून सांगते. गुडघे आणखी वाईट झालेत. या वर्षी आत जायला तिला माझा खांदा लागतो. माझ्या पुढच्या खोलीतली गादी अजून गुंडाळलेली आहे. मी ती उन्हात घालते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

चार वाजले की मला निघावं लागतं, संध्याकाळचं पाणी सोडायचं असतं. मी म्हणते, "उतर आता आयं." ती एक पाय खाली सोडते, थांबते, दाराच्या कडेला धरते, दुसरा पाय सोडते, पुन्हा थांबते. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की मला कुणाची वाट बघत उभं राहणं जमत नाही. मी दार धरून उभी राहते, आणि तिला लागेल तेवढा वेळ लागू देते.